रिकामी हाक

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांचे किडके दात बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय पसरायचे, एवढंच माझं आयुष्य. रचायला वेळ कुठून आणू?

जे सांगतेय ते माझ्या मावसबहिणीसोबत घडलंय. शेवटचा थोडा भाग माझ्यासोबत.

तारीख अठ्ठावीस जुलै. वेळ संध्याकाळी सव्वासात. ठिकाण हुनान प्रांतातलं यानथांग गाव. तिथल्या तळ्याकाठचं दगडी जोत्याचं घर आजही आहे. जाऊन बघा हवं तर.

फक्त दिवेलागणीला जाऊ नका.

ख्वांग वानयू, म्हणजे माझी मावसबहीण, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या टीम खेडोपाडी जातात, तशी हिची टीम यानथांगला गेली. गावातल्या मुलांना शिकवायचं, म्हाताऱ्यांना हातभार लावायचा, आणि मुख्य म्हणजे परत येऊन अहवाल द्यायचा. ज्या टीमचा अहवाल भारी, तिचं कॉलेजात नाव.

टीमचा म्होरक्या होता फांग चेंग. वर्षाने मोठा, आणि तोरा दहा वर्षांचा. सकाळी उठला की पहिला प्रश्न, "बॅनर कुठाय?"

आणि हे शहाणे गेले कधी? ऐन जुलैच्या शेवटी. तेव्हा तिकडे पहिलं भात कापायचं आणि त्याच खाचरात लगेच दुसरी लावणी उरकायची असते. पंधरा दिवसांत दोन्ही. माणसाला शिंकायला सवड नसते. त्यात गावातले तरुण सगळे दूर दोंगग्वान शहरातल्या कारखान्यांत. मागे उरलेत म्हातारे आणि नातवंडं.

वानयूची राहण्याची सोय तान आजीकडे झाली. आजीने पहिल्याच दिवशी तिच्या हातात विळा दिला.

"मदतीला आलीस ना पोरी? मग हे धर. फोटो नंतर काढ."

"आजी, मला कापता येत नाही."

"बोट कापता येईल. तिथून सुरुवात कर."

आणि खरंच, दुपारपर्यंत वानयूच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

आजीची नात थाओथाओ. सात वर्षांची. आईबाप दोंगग्वानला, बुटांच्या कारखान्यात. वर्षातून एकदा, नवीन वर्षाला घरी यायचे. पोरगी म्हणजे नुसता फटाका. लोणच्यातली मिरची हातात घेऊन चॉकलेटसारखी चावायची. दिवसभर वानयूच्या मागे मागे.

"ख्वांग बाई, तुम्हाला बेडूक पकडता येत नाही?"

"नाही बाई."

"सायकलवर मागे बसून शीळ घालता येत नाही?"

"नाही."

"मग तुम्ही आम्हाला शिकवणार काय?"

एका गोष्टीला मात्र ती जाम घाबरायची. जळवा. भाताच्या खाचरात पाऊल ठेवायची नाही. आजी लावणी करत असली की ही बांधावर, गुलाबी चपला घालून, तिथूनच हुकूम सोडायची.

हे लक्षात ठेवा.

पंचवीस तारखेला फांग चेंगला वरून शेतांचं चित्रीकरण हवं होतं. त्याने ड्रोन उडवला. खाली बॅनर धरून टीम, मागे तळं, त्याच्यामागे हिरवी-पिवळी खाचरं. पण त्याला तळ्याकाठी एखादं लहान मूल हात हलवताना हवं होतं.

वानयूनेच सांगितलं, "थाओथाओ, तिकडे काठावर उभी राहा. वर बघ आणि हात हलव."

वानयूनेच. हे ती आजपर्यंत विसरलेली नाही.

ड्रोन अचानक झपकन खाली आला. थाओथाओच्या डोक्यावरच. पोरगी दचकून मागे सरली…

पाण्यात.

शेजारचे शेन आजोबा खळ्यावर होते. धावत आले, उडी मारली आणि गचांडी धरून तिला बाहेर काढलं. मिनिटसुद्धा झालं नसेल. नाकातोंडात पाणीही फारसं गेलं नव्हतं. फक्त एक गुलाबी चप्पल तळ्यातच राहिली.

पण पोरगी बोलेना.

रडेना. जेवेना. खाटेवर ठेवली तर पडून राहायची, बसवली तर बसून राहायची. डोळे उघडे. मिरची तोंडाशी नेली तरी ओठ हलत नव्हते.

तालुक्याच्या डॉक्टरने तपासलं. म्हणाला, छाती साफ आहे, ताप नाही, धसका घेतलाय, होईल बरी.

आजीने त्याच्या गोळ्या फळीवर ठेवल्या आणि वानयूला म्हणाली, "घाबरून जीव तळ्यावरच राहिलाय तिचा. हाक मारून आणायला लागेल. तीन संध्याकाळी."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. माझी आईसुद्धा लहानपणी माझ्यासाठी एकदा जिन्यात उभी राहून ओरडली होती. मूल भेदरलं की त्याचा वापरलेला सदरा आणि वाटीभर तांदूळ घेऊन, जिथे भेदरलं तिथे जायचं आणि हाका मारत घरी यायचं. घरात मुलाच्या उशाशी एकाने बसायचं. बाहेरून हाक आली की आतून उत्तर द्यायचं… "आली, आली!"

आजीने वानयूला नियम सांगितले.

"मी मागे वळून बघणार नाही. घरी पोचेपर्यंत हाक थांबवणार नाही. मधेच थांबले तर पोर वाटेत राहील. उंबरठ्याच्या आत आले की दार लावायचं, कडी घालायची."

"आणि मी काय करू?"

"तू प्रत्येक हाकेला उत्तर दे. एकही हाक रिकामी जाऊ देऊ नकोस."

"गेली तर?"

आजी वाटीत तांदूळ घेत होती. तिने वर पाहिलं नाही.

"रिकामी हाक कुणीही उचलतं."

पहिल्या संध्याकाळी, सव्वीस तारखेला, तळ्याकडून हाक आली. "थाओथाओऽऽ… घरी ये गंऽऽ…" वानयूने घसा फोडून उत्तर दिलं, "आली, आली!" प्रत्येक हाकेला. आजी आत आली, दार लागलं आणि थाओथाओची बोटं हलली.

दुसऱ्या संध्याकाळी ती चार घोट पेज प्यायली.

वानयू अंगणात जाऊन रडली. आनंदाने. पोरगी परत येत होती.

आणि तिथे फांग चेंगला कळलं.

"वानयू, अगं हे सोनं आहे! गावाची जुनी चालरीत, म्हातारी, सूर्यास्त… उद्याचं शूट कर. अहवालात हेच पहिलं टाकू."

"मला उत्तरं द्यायची असतात रे."

"दे की! पण शेवटची हाक तेवढी स्वच्छ घे. आजी दारात येते ती. तुझा आवाज प्रत्येक व्हिडिओत घुसतो, हो की नाही? एक तरी तोंड मिटून घे."

सगळे हसले. वानयूही हसली.

मी तिथे असते तर दोघांच्याही कानाखाली वाजवली असती. पण मी नव्हते.

अठ्ठावीस तारीख. तिसरी संध्याकाळ.

उकाडा असा की झाडाचं पान हलत नव्हतं. माणसं अजून शेतात. लांबून मळणी यंत्राचा आवाज येत होता. वानयू खाटेच्या कडेला बसली, हातात मोबाइल, समोर उघडं दार. मागे थाओथाओ पडलेली.

तळ्यावरून हाक आली. तिने उत्तर दिलं.

बांधावरून आली. दिलं.

खळ्यावरून आली. दिलं.

मग आजी अंगणात दिसली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात थाओथाओचा पिवळा सदरा. मागे आभाळ लालभडक. आणि आजीचा चेहरा… वानयू म्हणते, तसा चेहरा तिने कुणाचा पाहिला नव्हता. एवढी आशा होती त्यावर.

तिला वाटलं, ही एकच. ही एक हाक स्वच्छ घेते.

"थाओथाओऽऽ… घरी ये गं बाळ…"

वानयू गप्प राहिली.

मळणी यंत्र थांबलं होतं. बेडूकही थांबले होते. ते कधी थांबले, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

एक श्वास… दुसरा श्वास…

आणि मागून, खाटेवरून, उत्तर आलं.

"आले."

आजीने उंबरठा ओलांडला, दार लावलं, कडी घातली. थाओथाओ उठून बसली होती. आजीने तिला छातीशी धरून हंबरडा फोडला. वानयूही तिच्या गळ्यात पडली. पोरगी बोलली! पोरगी बरी झाली!

थाओथाओ आजीच्या खांद्यावरून बंद दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानयूला जाग आली तेव्हा खाट रिकामी होती.

बाहेर आली तर आजी बांधावर उभी. हातातली रोपांची मूठ तशीच. शेजारी शेन आजोबा. दोघंही खाचराकडे बघत होते.

खाचरात थाओथाओ होती.

गुडघाभर चिखलात, वाकून, मागे मागे सरकत लावणी करत होती. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताचा अंगठा टचटच टचटच. ओळ अशी सरळ की दोरी लावून आखल्यासारखी. तिच्या पोटरीला जळू लागलेली होती. तिने ती दोन बोटांनी उपटली, न बघता बाजूला टाकली आणि पुढचं रोप लावलं.

शेन आजोबा हळूच म्हणाले, "असा अंगठा दाबून लावणारी या गावात एकच बाई होती, ती तर तळ्यात…"

"शेन!" आजी ओरडली. "तोंड बंद ठेवा. पोर बरी झालीय."

आजोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेले.

वानयूने त्यांना नंतर गाठून विचारलं. ते म्हणाले, "मला काही आठवत नाही." आणि घरात गेले.

त्या दिवशी पोरगी तिन्ही वेळा पोटभर जेवली. मिरच्या मात्र वेचून काढून ताटाच्या कडेला लावल्या. आणि ऊन उतरताच, कुणी न सांगता उठली, दार लावलं आणि कडी घातली.

"अगं, एवढ्यात का लावतेस?" वानयूने विचारलं. "उकडतंय किती."

"बाहेरचं कुणी आत येईल."

"कोण येणार?"

थाओथाओने तिच्याकडे बघितलं. मोठ्या बाईने लहान मुलीकडे बघावं तसं.

"तुम्ही बोलला नाहीत, बाई. म्हणून मी बोलले."

वानयूने हे कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? पोरगी ठणठणीत होती. फांग चेंग खूश होता. दोन दिवसांनी बॅनर धरून शेवटचा फोटो झाला आणि टीम छांगशा शहरात परतली.

व्हिडिओ तिने होस्टेलवर उघडला. कानाला हेडफोन लावून.

सगळं नीट होतं. तळ्यावरची हाक, तिचं उत्तर. बांधावरची, उत्तर. खळ्यावरची, उत्तर. मग दारातली आजी. शेवटची हाक.

मग शांतता.

खाटेवरून "आले" म्हटलेलं… त्यात नव्हतंच.

तिने आवाज पूर्ण वाढवला. आणि तेव्हा ऐकू आलं. लांबून. अंगणाच्याही पलीकडून. लहान मुलाचा, धापा टाकणारा आवाज…

"आजीऽऽ… आले… थांब ना…"

आणि दार लागल्याचा आवाज. कडी.

व्हिडिओ तिथे संपतो.

ती तो घेऊन माझ्याकडे आली. मी ऐकला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. तरी म्हटलं, "शेजारचं पोर असेल एखादं."

"ताई, तळ्याकाठी दोनच घरं आहेत. शेन आजोबा एकटे राहतात."

तिने माझ्यासमोर आजीला फोन लावला.

"आजी, ती बाहेर राहिलीय. आपण पुन्हा एकदा हाक मारू. या वेळी मी गप्प बसणार नाही. मी येते, आजी."

पलीकडून आजी अगदी हळू बोलली. घरात कुणी ऐकू नये असं.

"पोरी… माझ्या घरात एक पोर आहे. जेवते, झोपते, मला आजी म्हणते. तिला मी बाहेर कसं काढू?"

"आणि ती, आजी?"

"दार उघडं ठेवायला बघते गं मी. रोज बघते… ही लावून घेते."

फोन कट झाला.

ऑक्टोबरच्या सुट्टीत वानयू एकटी यानथांगला गेली. मी नको म्हटलं होतं. तिची आई रडली होती. पण ती हट्टाला पेटली होती. म्हणाली, "मीच तिला काठावर उभं केलं, मीच गप्प बसले. आता मी नाही गेले तर कोण जाईल?"

ती पोचली तेव्हा दिवस मावळत होता. दार बंद. पण अंगणातल्या वाळणाच्या बांबूवर एकच कपडा होता. पिवळा सदरा. आणि त्याच्याखाली दगडावर वाटीभर तांदूळ.

आजीने ठेवलं होतं. तिला दुसरं काही जमलं नसेल, पण एवढं तिने केलं होतं.

वानयू सदरा आणि वाटी घेऊन तळ्यावर गेली. पाण्याकडे तोंड करून हाक मारली.

"थाओथाओऽऽ… घरी ये गंऽऽ…"

मग वळली आणि चालायला लागली. बांधापर्यंत मागे काहीच नव्हतं.

बांधावर आल्यावर ऐकू आलं…

चटक… थप. चटक… थप.

एका पायात चप्पल. दुसरा पाय अनवाणी, ओला.

तिने मागे बघितलं नाही. रडत होती, पण हाक थांबवली नाही. खळं ओलांडलं. अंगण आलं. मागचं पाऊलही अंगणात आलं.

तिने दार वाजवलं. "आजी, दार उघडा! आणलीय मी तिला! आजी!"

आतून आवाज आला. लहान मुलीचा, शांत.

"इथे सगळे घरीच आहेत."

आणि त्याच्यामागे, आणखी आत, कुणीतरी तोंडावर हात दाबून रडत होतं.

दार उघडलं नाही.

आता मला सांगा, वानयूने काय करायचं? हाक थांबवली तर पोर वाटेत राहणार. तिथेच अंगणात, बंद दारासमोर, आपल्याच घराच्या बाहेर. वानयूच्याने ते झालं नाही.

ती वळली नाही. घराला वळसा घालून चालत राहिली. "थाओथाओ, घरी चल. थाओथाओ, घरी चल." रस्त्यापर्यंत. बसपर्यंत. बसमध्ये अडीच तास, ओठातल्या ओठात. लोक बघत होते. ड्रायव्हरने विचारलं, बरं वाटत नाही का पोरी?

छांगशाला येईपर्यंत तिचा आवाज बसला होता. पण ती थांबली नव्हती.

ती अजूनही थांबलेली नाही.

आता ती भाड्याच्या खोलीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. नोकरीला जाते, हसते, बोलते. पण दिवेलागण झाली की खोलीचं दार सताड उघडते आणि तो पिवळा सदरा हातात घेऊन हाक मारते. मी खूप समजावलं. डॉक्टरकडे नेलं. एकदा तर भांडले, "पोरगी तिकडे धडधाकट आहे, शाळेत जाते आणि तू इकडे तिच्या नावाने ओरडत बसलीस!"

ती म्हणाली, "जी शाळेत जाते तिला मिरची आवडत नाही, ताई."

विचारलं, एवढी हाक मारतेस, ती आत का येत नाही? तर म्हणाली, "मीच हाक मारते. मग उशाशी बसून उत्तर कोण देणार? ती दारापर्यंत येते. उभी राहते. मग जाते."

मी विषय सोडून दिला.

मागच्या मंगळवारी तिचा घसा पूर्ण धरला. शब्द फुटेना. मी सूप घेऊन गेले होते. दिवे लागले तशी ती कासावीस झाली. तोंड उघडायची, नुसती हवा निघायची. शेवटी तिने सदरा माझ्या हातात कोंबला आणि कागदावर लिहिलं, 'तू मार.'

बघा, मी या भानगडीतली नव्हे. पण तिचे डोळे बघवेनात. मी दारात उभी राहिले, लाजत, हळूच म्हटलं…

"थाओथाओ… घरी ये गं."

जिन्यातला दिवा लागला. तो आवाज झाला की लागतो. माझ्याच आवाजाने लागला असेल, मी स्वतःला सांगितलं.

तो विझला.

मग पुन्हा लागला. खालच्या मजल्यावरचा.

चटक… थप.

मी वानयूकडे वळले. ती खाटेवर, उशाच्या बाजूला ताठ बसली होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ती उत्तर द्यायचा प्रयत्न करत होती. पहिल्यांदाच बाहेर हाक मारणारी दुसरी होती आणि आत ती होती… आणि तिच्या घशातून आवाज निघत नव्हता.

चटक… थप. आमच्या मजल्यावर.

मला आजीचं वाक्य आठवलं. रिकामी हाक कुणीही उचलतं.

तिच्या घशात अडकलेलं उत्तर मी ओरडले. जीव खाऊन ओरडले, "आली! आली!"

पाऊल उंबरठ्यावर थांबलं. मग माझ्या बाजूने गार हवा आत गेली. तळ्याच्या चिखलाचा वास आला. मी दार लावलं. कडी घातली. तीनदा निसटली, मग बसली.

वानयू त्या रात्री लहान मुलासारखी झोपली. कित्येक वर्षांनी.

सकाळी तिने मला जेवायला थांबवलं. आवाज थोडा परतला होता. टेबलावर दोनऐवजी तीन वाट्या मांडल्या. तिसऱ्या वाटीत भात होता आणि वर लोणच्यातली एक मिरची.

आम्ही जेवत होतो. मी तिकडे बघत नव्हते. मुद्दामच बघत नव्हते.

उठताना बघितलं. भात तसाच होता.

मिरची नव्हती.

आजीला हे कळवायचं का, ते आम्हाला दोघींनाही ठरवता आलेलं नाही. काल संध्याकाळी वानयूच्या मोबाइलवर तिचाच फोन आला, मी उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिच्या मागून लहान मुलीचा आवाज आला, अगदी जवळून.

"आजी, ती कुणाकडे आहे विचार."

मी फोन ठेवला. तेव्हापासून बंद आहे.